आवतन झालं, बोळवण राहिली

न्हाई, कुत्रं काई करत न्हाई, तुमी हलू नका मंजी झालं — हां, तिथंच, त्या दगडावर बसा. फटफटी बाभळीखाली लावली ते बरं केलं, कोकरं बुजतेत तिला. आता पुन्यांदा सांगा, कुठून आलात म्हनलात? पुण्याहून. पुण्याहून इतक्या लांब, डोंगरकड्याच्या बी पल्याड, आमच्या ह्या शेतातल्या आखाड्यावर — आन् कशासाठी, तर एका गान्यासाठी. भाऊ, राग मानू नका, पन हे माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई. गानं काय पुण्यात भेटत न्हाई? तिथं तर म्हनं गल्लीगल्लीत गानं शिकवायच्या शाळा हाईत. वाट कोनी दाखवली तुमाला? डोंगरकड्याच्या हाटेलात? कोन व्हतं, जाडजूड, कानात बाळी घातलेलं? तेच असंल. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. आनखी काय काय सांगितलं त्यानं? काईच न्हाई? मंग तुमी खोटं बोलून राहिले, कारन ते मानूस काई सांगितल्याबिगर कोनाला चहा बी पिऊ देत न्हाई.

हां, घर हेच. पन ज्यांचं नाव तुमी घेतलं ते घरी न्हाईत. लेकीकडं गेलेत, कुरुंद्याला. जावयाची हळद निघाली, शिजवायची, वाळवायची, घोळायची, कव्हा उरकंल न् कव्हा येतील, मला काय मालूम. जरा हळू बोला. न्हाई, आत कोन असनार, कोकरं निजलीत म्हनून म्हनलं. मला गोजरबाई म्हना, न्हाईतर गोजरमाय म्हना, लेकाच्याच वयाचे हाईत तुमी — त्यांचं नाव तेवढं माझ्याकडून वदवून घेऊ नका, आमच्यात घेत न्हाईत, आन् तुमाला ते ठावं हायच की. आन् दुसरं आधीच सांगून ठिवते. इथं कोनी गानारं न्हाई. व्हतं कव्हातरी. आता न्हाई. दुधानं तोंड पोळलं की मानूस ताक बी फुकून पितो, तसं समजा आमचं.

काय हाय ते? पितळी परातीवानी चमकून राहिलंय. शिडी म्हनता, गान्याची तबकडी — हां, दूरदर्शनवर पाह्यली मी, गावातल्या मास्तरच्या घरी. लांबूनच दाखवा. हा कोन मानूस हाय हितं वर? न्हाई, मी नाही वळखत. कुठलं तरी परदेसी असंल. जांभळं तोंड कोनाचं असतं का कव्हा, आन् डोळ्यात ही भवऱ्यावानी चक्रं, कपाळातून काय निघालंय, येली का काय — कोनाला वळखू यायचं हे? जरा इकडं करा. इकडं करा म्हनते. … फेटा मातर बरोबर बांधलाय बगा. डाव्या कानामागून शेव काढून असा खांद्यावर सोडलेला — असा आमच्या घराण्यातच बांधतेत, सासऱ्याचा हात हाय तो, माळेगावच्या जत्रंत लोक लांबून वळखायचे की हे कोनाचे. आन् ती हनवटीवरची खोक, ती बैलानं … जाऊ द्या. जांभळा काहून केला हो त्यांना? असा निरमळ मानूस, गव्हाळ, उन्हानं जरासा काळपट — त्याला जांभळा न् हिरवा काहून केला? कोन रंगवतंय असं जित्या मानसाला?

काय म्हनतेत ह्याला? साय — काय? ऱ्हाऊ द्या, मपली जीभ न्हाई वळत. रॉक तेवढं कळलं. आन् त्याच्या आधीचा जो सबूद हाय तो मंजी काय? डोळे मिटले की रंग दिसतेत, डोकं तरंगतंय, जिमीन हलल्यावानी व्हतंय … मंजी गांजाचं गानं म्हना की सरळ. हसू नका, आमच्याकडं बी व्हते असे बैरागी, चिलीम वढून येकतारी धरली की त्यांना सगळीकडं देवच दिसायचा, मेंढराच्या ढुंगणाला बी हात जोडायचे. पन ते कोनाचं गानं उचलून न्हेत नव्हते. आन् हे तुमचे परदेसी लोक काहून असं करून राहिले? त्यांचा स्वताचा देव न्हाई का त्यांना? हाय? आन् त्याच्या गान्याला बी असंच घुसळतेत? चर्चातलं बी, ते बोडक्या साधूंचं बी? मंग बरं, निदान भेदभाव तरी न्हाई. आन् तुमी ह्या असल्या शिड्यांवर पुस्तक लिवून राहिले. पुण्यात बसून. उंटावरून शेळ्या हाकायचं काम हाय भाऊ ते. न्हाई, आता आलात तुमी खाली उतरून, ते दिसून राहिलं मला, पन आलात ते गान्यासाठी का कोनाच्या सांगन्यावरून, ते अजून कळलं न्हाई.

त्या चष्मेवाल्याचे तुमी कोन लागता? खरं सांगा. कोनीच न्हाई? तोंडावळा तर तसाच हाय, आन् बोलायची तऱ्हा बी तीच, मऊ मऊ, सायीवानी. तो बी असाच येऊन बसला व्हता. भूकंप झाला बगा, त्या किल्लारीकडं, त्याच सालची माळेगावची जत्रा. तव्हा हिंगोली जिल्हा बी नव्हता, परभनीत व्हतो आपुन. मेंढरं घिऊन आमी जत्रंच्या कडंला उतरलो व्हतो, लिंबाच्या झाडाखाली. आदल्या राती एकाच्या नवसाचं जागरन म्हनले घरचे, मंजी आमचे मालक, त्या मोठ्या चौकात, आन् हे परदेसी लोक तिथं बसून राहिले पार उजाडेस्तोर — एक लांब केसाचा, दोन बाया, गळ्यात रुद्राक्ष, आन् त्यांच्या संगं हा चष्मेवाला, मुंबईचा, त्यांचं बोलनं आमाला न् आमचं त्यांना सांगनारा. दुसऱ्या दिसी भर दुपारी आले झाडाखाली. लांब केसाचा तो पाया पडला ह्यांच्या, खरंच पडला, डोकं टेकवलं. मला तव्हाच कसंतरी झालं. इतका वाकनारा मानूस काईतरी उचलायलाच वाकतो, असं माझी माय म्हनायची.

तुमाला जागरन ठावं हाय का? पुस्तकातलं नका सांगू. आधी चौक भरायचा, भंडारा टाकायचा, ज्वारीची ताटं बांधायची, घट मांडायचा, दिवा लावायचा. मंग आवतन. आवतन मंजी देवाला जेवायचं बोलावनं — एकेका देवाला त्याच्या गावाचं नाव घिऊन हाक मारायची, माळेगावच्या, औंढ्याच्या, माहुरच्या आईला, आपल्या आखाड्यावरच्या म्हसोबाला बी, लहान हाय म्हनून त्याला वगळायचं न्हाई. मंग ते येतेत. तुमी माना न माना, येतेत. रातभर बसतेत, ऐकतेत. आन् सकाळी त्यांची बोळवण करावी लागती. पाहुन्याला कसं आपुन शिवेपर्यंत पोचवतो, पदरात भाकर बांधून देतो, तसं. एकेकाचं नाव घ्यायचं, वाट मोकळी करायची, म्हनायचं जा आता माघारी. जो पहिल्यांदा आला तो शेवटी जातो. आन् बोळवण केल्याबिगर चौक मोडायचा न्हाई, कोनी उठायचं न्हाई, म्हननाऱ्यानं पानी बी प्यायचं न्हाई. बोलावलेला देव घालवून दिला न्हाई तर तो बिचारा जानार कुठं? दारातच घुटमळतो. आन् दारात देव घुटमळला तर त्या घराला झोप लागत न्हाई. तो काई वाईट करत न्हाई हो. पन झोप लागत न्हाई.

तर चष्मेवाला म्हनला, ह्यांना ते रातीचं गानं पुन्यांदा पायजे, मशिनीत. घरचे म्हनले, दिसा? बिनचौकाचं? तसं व्हत न्हाई. तो म्हनला, म्हना की नुसतं, मशीन बराबर चालती का तेवढं बगायचंय, नुसता आवाज पाह्यचाय. घरच्यांचा सोभाव असा की कोनी गोड बोललं की नाही म्हनवत न्हाई त्यांना. तरी सांगितलं त्याला, भंडारा हातात देऊन सांगितलं, की आवतन घेतलं तर बोळवण बी घ्यावी लागंल तुमच्या मशिनीत, अर्धं ठिवता येनार न्हाई. त्यानं लगेच भंडारा उचलला. हो, हो, सगळं घेऊ, एका दमात. आन् मंग बसले घरचे, दिमडी घेतली, डोळे मिटले, आन् आवतन म्हनले. भाऊ, तसं मी पुन्यांदा कव्हाच ऐकलं न्हाई. भर उन्हात, जत्रंचा गलबला, घोडे खिंकाळून राहिले, आन् ह्यांचा आवाज असा वर गेला की शेजारच्या पालातल्या बाया भाकरी टाकून बाहेर आल्या. शेवटच्या देवाचं नाव घेतलं आन् चष्मेवाल्यानं हात वर केला. बास म्हनला. घरचे म्हनले, थांबा, देव आलेत, घालवून देतो. तर म्हनला टेप संपली, जीप निघाली. वायरी गुंडाळल्या न् गेले. ह्यांनी तिथंच धुळीत बसून बोळवण म्हनली, मशिनीबिगर, कारन देव तर आले व्हते की. मी व्हते, कुत्रं व्हतं, आन् मेंढरं. झालं, मिटलं म्हनलं आमी. कोन कशाला लक्षात ठिवतंय.

पुढचं सांगायचं तुमाला काई कारन न्हाई. … बरं, सांगते, न्हाईतर तुमी पुस्तकात कायबाय लिवसाल. गळा गेला त्यांचा. जिल्हा झाला त्या सालापासून घसा बसला, मंग गाठ, मंग नांदेडच्या दवाखान्यात कापलं. डाक्टर म्हनला तंबाखू. मी बी म्हनते तंबाखूच, दिसभर गालात इस्तवावानी धरून असायचे, मी डोळ्यानं पाह्यलंय. हितं गळ्याला भोक हाय आता, फडकं बांधतेत त्यावर. शिट्टीवानी हवा येती, सबूद येत न्हाई. तव्हा बी त्यांनी तकरार केली न्हाई. जगले हे का कमी हाय, असं हातानंच म्हनायचे. मेंढरामागं जायचे, जेवायचे, पोरीच्या लग्नात नाचले बी. ते सगळं बराबर चाललं व्हतं. बिघडवलं ते तुमच्या ह्या शिडीच्या थोरल्या भावानं.

व्यंकटराव मास्तरचा शिवहार, पुण्यातच इंजनेर हाय, तुमी वळखत असाल — न्हाई? बरं. तो दिवाळीला आला ते कॅसेट घेऊनच आला. बापू, तुमी परदेसात गेलात म्हनला, तिकडं हजारो लोक तुमचं गानं ऐकून राहिले. सगळं गाव गोळा केलं देवळाच्या पारावर, मोठा डबा लावला, ह्यांना खुर्चीवर बसवलं, हार घातला. आन् लावली. आधी घंटा. मंग बाया लांबून आ-आ करून राहिल्या, ते चर्चातलं म्हनं. मंग ते इलायती तुणतुणं, कुत्र्याच्या शेपटावर पाय पडल्यावानी केकाटलं, पोरं हसली. आन् त्यातून ह्यांचा आवाज. आडातून आल्यावानी, पन त्यांचाच. भाऊ, मला रडू फुटलं, खोटं काहून सांगू. नवऱ्याचा आवाज कसा व्हता ते मी इसरले व्हते. आपलंच मानूस, रोज समोर बसनारं, आन् त्याचा आवाज इसरावा, ह्याच्यासारखी लाज न्हाई. मी पदर तोंडात धरला न् ऐकत बसले. आवतन झालं. आन् पुन्यांदा आवतनच लागलं. मंग पुन्यांदा. तेच, तेवढंच, माळेगावच्या, औंढ्याच्या, माहुरच्या, ढोल वाढून राहिले, तुणतुणं वरडून राहिलं, आन् देवाला हाकेवर हाक, हाकेवर हाक. लोक डोलत व्हते. मी ह्यांच्याकडं पाह्यलं तर हे खुर्चीच्या काठावर आलते. वाट पाहून राहिले व्हते, बोळवण आता लागंल, आता लागंल. आन् ते गानं हळूहळू बारीक झालं न् संपलं. आवतनावरच संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उलटं बी वाजवलंय म्हनता? हां, शेवटाला कायतरी गुळगुळ येतं ते? ते आवतनच उलटं फिरवलंय, मंजी एका परी माघारी धाडल्यावानीच … भाऊ, शिकलेले हाईत ना तुमी? लगीन उलटं लावलं मंजी काडीमोड व्हतो का? असलं त्यांच्यापुढं बोलू नका, ते आधीच … हां. बोलले मी. आतच हाईत ते. कुरुंद्याला न्हाई गेले, कुठंच जात न्हाईत, हितं भितीपल्याड पडवीत बसलेत. म्हनून म्हनून राहिले हळू बोला. त्या दिसापासून मेंढरामागं जात न्हाईत, पुतन्या न्हेतो, माऊली. पोरीकडं जात न्हाईत. त्यांच्या डोक्यात हिसाब बसलाय की ते डबडं तिकडं कुनाच्या तरी घरात आत्ताबी वाजत असनार, आन् जिथं वाजंल तिथं त्यांच्या आवाजात देवाला बोलावनं जात असनार. त्या घरच्या लोकाला तर हेबी ठावं न्हाई की कोन आलंय दारात. बसा म्हननारं न्हाई, जा म्हननारं न्हाई. देवाची दैना झाली म्हनतेत, हातानं म्हनतेत, मपल्या तोंडानं झाली. मंग दिसातून कितीकदा दिमडी घेतेत, व्हट हालवतेत. बोळवण म्हनतेत. आवाज न्हाई, नुसती हवा शिट्टी मारती. म्हनून झालं की माझ्याकडं पाहतेत, गेले का? मी म्हनते गेले. पटत न्हाई त्यांना. बिनआवाजाचं देवाला ऐकू जात न्हाई, असं त्यांच्या मनानं घेतलंय. पुन्यांदा सुरू. ताट वाढलेलं तसंच. झोप तर इसरलेच बगा, कुत्रं भुकलं तरी उठून दारात जातेत. माझा देवावर राग न्हाई, त्यांच्यावर न्हाई. राग हाय तो त्या मऊ बोलनाऱ्यावर, आन् त्याच्यासारखं जो बोलंल त्याच्यावर.

आन् आता तुमी म्हनता, ते कंपनीवाले ही शिडी पुन्यांदा काढून राहिले, चांगली करून, ह्यांचं नाव टाकून, फोटू टाकून. मंजी अजून घरात वाजंल. घरचं झालं थोडं न् व्याह्यानं धाडलं घोडं. नाव नका टाकू, फोटू नका टाकू, ते जांभळं तोंड बी राहू द्या. मला एकच सांगा, शेवटाला बोळवण टाकता येती का? आवाज ह्यांचा भेटनार न्हाई, पन बोळवण मला येती. व्हय, मला. जलमभर पाठीमागं बसून ऐकली, मेंढरं राखता राखता ऐकली, पोटात पोर असताना ऐकली, न येऊन काय व्हतंय. बाईनं म्हनायची न्हाई, ते ठावं हाय. मागं एकदा मी म्हनलं त्यांना, तुमी व्हट हालवा, आवाज मी देते, तर दिमडी फेकून मारली भितीवर. पन हे देवासाठी म्हनून नका धरू, तुमच्या मशिनीसाठी धरा. थांबा. आधी हे घ्या. भंडारा हाय पिशवीत, कुरुंद्याच्या हळदीचा. चिमूटभर उचला आन् म्हना, की जशी म्हनंल तशी, एक सबूद न कापता शेवटाला लावीन.

का? उचला की. … हात काहून मागं घेतला? तुमच्या हातात न्हाई. कंपनी ठरवती. तुमी सांगून पाहसाल, पन शब्द देता येनार न्हाई. बरं. हे बरं झालं. मंजी बरं न्हाई झालं, माझा काई उपेग न्हाई त्याचा, पन तुमी पहिले हाईत ज्यानं भंडारा पाहून हात मागं घेतला. त्यानं गुळाच्या खड्यावानी उचलला व्हता. इतकं तरी कळलं की तुमी त्याचे कोनी लागत न्हाईत. मंग जा आता, चहा टाकला असता पन …

अहो. तुमी काहून उठलात? मी न्हाई बोलावलं ह्यांना, हेच आलेत, पुण्याचे, मी वाटंलाच लावून राहिले व्हते. न्हाई, काई लावलं न्हाई त्यांनी, शिडी पिशवीत हाय, दाखवा हो भाऊ, पिशवीतच हाय ना. … समदं ऐकलंत का तुमी? बोळवणीचं बी? मी नुसतं मशिनीसाठी म्हनलं, मपली काय ऐपत … दिमडी काहून आनली? फेकायची असंल तर फेका, पन ह्या लेकरासमोर नको, पाहुना हाय. … काय? मी? … भाऊ, हलू नका. ते म्हनून राहिले — ते मला म्हन म्हनून राहिले. हितं बसतेत बगा, भुईवरच, पाय दुमडून, जसे जत्रंत बसले व्हते. तुमी ते मशीन काढायचं असंल तर काढा, मला आता तुमच्याकडं पाहायला येळ न्हाई. कुठून धरू? म्हसोबापासून? हां, शेवटी आला तो पहिल्यांदा जातो, ठावं हाय मला. आवाज फाटला तर हसू नका कोनी.

आलास तसा जा देवा, दारी तुझं घोडं, पानी पिऊन हुबं — भाकर बांधली, वाट झाडली, काटा मी येचला — पाठीमागं बगू नको रं, लेकरं निजली हाईत — आखाड्याच्या देवा, तुझ्या दगडावर जा — माहुरच्या आई, तुझ्या गडावर जा — औंढ्याच्या बाबा … हां? हां, चुकलं, आधी त्याची पायरी घ्यायची, कळलं, वाजवा तुमी — औंढ्याच्या बाबा, पायरी धुतली, तुझ्या गाभाऱ्यात जा — जिथं जिथं बोलावलं, ज्यानं कोनी बोलावलं, ठावं नसून बोलावलं, त्याची चूक पदरात घे न् जा — माळेगावच्या धन्या, तू पहिला आलास, तू शेवटी जा — पाठीमागं बगू नको रं, लेकरं निजली हाईत — जा.

… गेले? मला काय इचारता, तुमी सांगा. दर येळी मी सांगते गेले, न् तुमाला पटत न्हाई. आज तुमी सांगा मला. … हां. हां, गेले. मलाबी तसंच वाटलं. द्या, दिमडी द्या हितं. पानी पेता? घ्या, तांब्या घ्या, हळू, फडकं भिजंल. जा, आत जाऊन पडा जरासं, मी हाय दारात, मी पाहते कोन येतंय कोन जातंय.

…

आता तुमी काय खुनावून राहिले? बोला, पन कानाशी बोला. मशीनच्या तोंडात वारा शिरला, पहिलं काईच आलं न्हाई? बरं मंग? पुन्यांदा म्हनू? भाऊ, पुन्यांदा कोनाला घालवू मी, गेले की समदे. रिकाम्या दारात कोनाला जा म्हनू? आन् पुन्यांदा म्हनायचं तर आधी पुन्यांदा बोलवावं लागंल, ते ह्या घरात आता कोनी करनार न्हाई. तुमी ऐकली ना? कान तर उघडे व्हते तुमचे. मंग ती तुमच्यापाशी हाय आता. तिकडं पुण्यात ते डबडं वाजवसाल, पुस्तकासाठी दहादा वाजवसाल, तव्हा शेवटाला तुमीच म्हना. जेवढी आली तेवढी म्हना, चुकली तर चुकली, ह्यांच्यासमोर माझी बी चुकलीच की. तेवढं मातर कराच, माझ्यासाठी न्हाई, तुमच्या झोपंसाठी. आन् भंडारा नका उचलू, मला शपथ नको तुमची.

इकडं या, दारातून पाहा, आत नका जाऊ. भितीकडं तोंड करून निजलेत. पाय पोटाशी घेतलेत, लहान व्हऊन. घोरनं येत न्हाई त्यांना आता, ती शिट्टी येती, ऐका — संथ चाललीय. दिवाळीपासून, भाऊ, त्या दिवाळीपासून … न्हाई, रडत न्हाई मी. मला बसायचंय आता इथं, उंबऱ्यावर. निघा तुमी. आन् फटफटी इथं चालू करू नका. ओढ्यापतूर ढकलत न्या.